पदक सोपं असेल तर लोहाऱ्यात आणून दाखवा

धावपटू प्रीती पालला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळालं तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या थांबल्यावर लोक एकमेकांना हळूच म्हणाले, "यांच्यात पळणारेच किती असतात? वर्ग भाराभर, माणसं मोजकी. कोणीतरी तिसरं येणारच." पाठोपाठ दुसरं वाक्य, "आणि शंभर मीटरला चौदा सेकंद म्हणजे काय मोठं? आमच्या झेडपीच्या शाळेतली पोरगी पळते." हे बोलणं धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या लोहाऱ्यात टपरीवर ऐकू येतं, उमरग्याच्या कॉलेजात ऐकू येतं, पुण्यात तेच जरा इस्त्री केलेल्या शब्दांत ऐकू येतं. बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यातलेच कितीतरी जण दिव्यांग मुलाच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसून डोळे टिपतात. माझं भांडण त्यांच्या टोमण्याशी आहे तसंच त्या डोळे टिपण्याशीही आहे. टोमणा मारणाऱ्याला ते पदक सवलतीत मिळालेलं वाटतं, डोळे टिपणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. खेळ मात्र दोघांनाही वाटत नाही. आणि खेळच वाटत नाही म्हटल्यावर त्यासाठी मैदान लागतं, प्रशिक्षक लागतो, फिजिओथेरपिस्ट लागतो, हेही दोघांच्या डोक्यात येत नाही.

घडलं ते आधी नीट सांगतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये महिलांच्या १०० मीटर टी-३५ शर्यतीत प्रीती १४.२१ सेकंदांत तिसरी आली. पहिली चीनची झोऊ शिया, वेळ १३.५८. दुसरी तिच्याच देशाची गुओ चियानचियान, १३.७४. दोन दिवसांनी, १ सप्टेंबरला, २०० मीटरमध्ये पुन्हा हाच क्रम लागला आणि प्रीतीने ३०.०१ सेकंद घेतले. पॅरालिम्पिकच्या धावपट्टीवर भारताला मिळालेली ही पहिली पदकं. त्याआधीची ॲथलेटिक्समधली आपली सगळी पदकं फेकीची नाहीतर उडीची. १९८४ साली भीमराव केसरकरांनी भालाफेकीत रौप्य आणलं होतं (हे नाव किती मराठी माणसांना ठाऊक आहे, हा वेगळा आणि मान खाली घालायला लावणारा विषय). तिथून धावण्याच्या पहिल्या पदकापर्यंत यायला चाळीस वर्षं गेली. प्रीतीसारख्या सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या खेळाडूंना पॅरालिम्पिकची दारं १९८० साली नेदरलँड्समधल्या आर्नहेमला उघडली. तेव्हापासून प्रत्येक वेळी कोणीतरी तिसरं येतच होतं. ते आपल्यातलं नव्हतं, एवढंच. एवढ्या मोठ्या देशाला चाळीस वर्षं जे जमलं नाही ते सोपं होतं, असं म्हणायला जीभ कशी वळते?

बरं, 'कोणीही तिसरं' हेही तपासू. पॅरिसच्या आधीचं पॅरालिम्पिक टोकियोचं, २०२१ मध्ये झालेलं. तिथे याच शर्यतीत झोऊ शिया १३.०० सेकंदांत धावली, तो जागतिक विक्रम होता. ऑस्ट्रेलियाची आयसिस होल्ट १३.१३ मध्ये दुसरी आणि ब्रिटनची मारिया लाइल १४.१८ मध्ये तिसरी. प्रीतीची पॅरिसमधली धाव टोकियोत नेऊन ठेवली तर ती चौथी येते, सेकंदाच्या तीन शतांश फरकाने. त्याआधी रिओला, २०१६ मध्ये, लाइल १४.४१ वर तिसरी होती. तिथे प्रीतीला पदक मिळालं असतं. म्हणजे पाच वर्षांत कांस्याची किंमत पाव सेकंदाच्या आसपास वाढली आणि सुवर्णाची अर्ध्या सेकंदाहून जास्त, कारण रिओत झोऊ शिया १३.६६ मध्ये जिंकली होती. फुकट वाटल्या जाणाऱ्या वस्तूचे भाव असे चढत नसतात.

आता त्या चौदा सेकंदांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि टोमणा मारणाऱ्याला ती ठाऊक नाही.

सेरेब्रल पाल्सी हा पायाचा आजार नाही. पायाचं हाड शाबूत असतं, स्नायूही असतो. इजा असते मेंदूत, आणि ती बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात झालेली असते. दिवस भरण्याआधी झालेला जन्म, फार कमी वजन, बाळंतपणात अडकून प्राणवायू कमी पडणं, डोक्यात गेलेली तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी कारणं असतात. जगभरात साधारण हजार जन्मांमागे दोन-तीन बाळांना हे होतं. इजा वाढत नाही, पण मेंदूकडून स्नायूकडे जाणारा हुकूम आयुष्यभर गडबडलेला राहतो. सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार ताठरपणाचा. फिजिओथेरपिस्ट तो कसा तपासतो ते एकदा पाहावं. मुलाचं पाऊल हातात घेऊन हळूच वर वाकवलं तर ते बरंचसं वाकतं. तेच झटक्यात वाकवलं की मध्येच पोटरी अडते, हाताला ठेच लागावी तशी. ताठरलेला स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितका तो जास्त आवळून घेतो. वैद्यकशास्त्रात या ताठरपणाची व्याख्याच वेगाशी जोडलेली आहे.

हे वाक्य वाचून क्षणभर थांबा आणि मग शंभर मीटरची शर्यत डोळ्यांसमोर आणा. धावण्याच्या प्रत्येक पावलात मांडीचा मागचा स्नायू आणि पोटरी झटक्यात ताणली जाते. लांब पल्ल्याच्या धावण्यात ती सावकाश ताणली जाते, वेगाच्या धावण्यात निमिषात. म्हणजे सीपी असलेला धावपटू जितकं वेगात पळायला बघेल तितकं त्याचं स्वतःचंच शरीर त्याला मागे ओढणार. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानातून कधी पळाला असाल तर थोडी कल्पना येईल: जेवढी घाई कराल तेवढा चिखल पायाला धरतो. फरक असा, की रानातून बाहेर येता येतं. त्यात पुन्हा दोन्ही मांड्या आत ओढल्या जाऊन गुडघे एकमेकांना घासतात, टाच जमिनीला टेकत नाही, हात कोपरात वाकून छातीशी येतात. थंडी, थकवा, धाकधूक यांनी ताठरपणा वाढतो, आणि अंतिम शर्यतीच्या आधी या तिन्हींपैकी निदान एक गोष्ट तरी असतेच. काही जणांच्या बाबतीत मोठा आवाज झाला की सगळं अंग दचकून आखडतं, आणि शर्यत तर बंदुकीच्या आवाजानेच सुरू होते. असं सगळं असताना प्रीतीसारखी मुलगी ताशी साधारण पंचवीस किलोमीटरच्या सरासरीने शंभर मीटर कापते. झेडपीच्या शाळेतल्या पोरीशी तुलना करणाऱ्याने त्या पोरीच्या पायात हे सगळं भरावं आणि मग स्टॉपवॉच लावावं.

आणि ज्यांना आकड्यांचीच भूक आहे त्यांच्यासाठी: टी-३८ हा याच कुटुंबातला, सौम्य परिणाम असलेल्यांचा वर्ग. त्यात पुरुषांच्या शंभर मीटरचा जागतिक विक्रम पॅरिसमध्ये अमेरिकेच्या जेडिन ब्लॅकवेलने १०.६४ सेकंदांचा केला. धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही धडधाकट पोराला त्याच्या शेजारी उभं करा.

वर्गांचा आक्षेप मला सगळ्यांत जास्त नवलाचा वाटतो, कारण तो महाराष्ट्रात घेतला जातो. कुस्तीच्या मुलखात! कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्य जिंकलं ते बँटमवेट गटात. त्यांच्याहून वजनदार मल्लांशी ते लढले नाहीत, म्हणून ते पदक हलकं, असं म्हणणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. भेटला तर त्याला कोल्हापूरकरांच्या हवाली करावं. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्या जोड बघून लावतात. वस्ताद दोन पोरांना उभं करतो, खांदे बघतो, मांड्या बघतो, मग जोड ठरते. बेजोड कुस्ती लावली तर प्रेक्षकच ओरडतात. पॅरा-ॲथलेटिक्समधलं वर्गीकरण याच न्यायाने चालतं, फक्त नजरेऐवजी तिथे मोजमाप असतं. ३१ ते ३८ हे आकडे ताठरपणा, तोल जाणं आणि अनैच्छिक हालचाली असलेल्या खेळाडूंचे. त्यातले ३१ ते ३४ बसून खेळणारे, ३५ ते ३८ उभ्याने धावणारे. ३५ मध्ये दोन्ही पायांवर ठळक परिणाम असतो, ३६ मध्ये तोल आणि अनैच्छिक हालचालींचा प्रश्न मोठा, ३७ मध्ये शरीराची एक बाजू, ३८ मध्ये परिणाम कमी पण धावण्यात जाणवेल इतका. कागदपत्रं तपासतात, स्नायू हाताळून ताठरपणाची श्रेणी लावतात, पळायला-उड्या मारायला लावतात आणि प्रत्यक्ष शर्यतीतही नजर ठेवतात. हे झाल्याशिवाय वर्ग कायम होत नाही.

इथे विरोधकांच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वर्गीकरणात लबाडी होते. २००० साली सिडनीत स्पेनच्या बौद्धिक अपंगत्व गटातल्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं आणि नंतर उघड झालं, की संघातल्या बहुतेकांना ते अपंगत्वच नव्हतं. पदक गेलं, आणि त्या गटातल्या खऱ्या खेळाडूंना २०१२ च्या लंडनपर्यंत पॅरालिम्पिकबाहेर बसावं लागलं. टोकियोत आपल्या विनोद कुमारचं थाळीफेकीतलं कांस्य वर्गीकरणाच्या फेरतपासणीनंतर रद्द झालं. तेव्हा संशय घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. आपल्याकडे बोगस अपंग प्रमाणपत्रावर नोकरी मिळवल्याची प्रकरणं वाचून वाचून लोकांचा विश्वास उडालाय, तेही समजतं. पण लबाड पकडला गेला म्हणून खेळ खोटा ठरतो का? सरकारी कचेरीत चाळीस टक्क्यांचा कागद एकदा हाती आला की सहसा पुन्हा कोणी विचारत नाही. धावपट्टीवर प्रतिस्पर्धी देश तुमच्या खेळाडूवर आक्षेप घ्यायला टपलेला असतो आणि पदक गळ्यात पडल्यावरही काढून घेतलं जातं. संशयाचा उपयोगच करायचा असेल तर तो आधी कचेरीच्या दिशेने करावा.

मोजक्या माणसांचा मुद्दा उरला. पळणारे कमी आहेत हे अर्धसत्य आहे. अंतिम शर्यतीत आठ जणी दिसतात म्हणून जगात आठच जणी आहेत असं होत नाही. तिथे पोचायला किमान वेळ गाठावी लागते, देशाच्या कोट्यात बसावं लागतं, आधीच्या स्पर्धांत वर्ग पक्का करून घ्यावा लागतो. प्रीती स्वतः २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेतून पदकाविना परतली होती. आशियात पदक नाही आणि वर्षाच्या आत पॅरालिम्पिकमध्ये दोन. मधल्या काळात मे २०२४ मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटरचं कांस्य. हा आलेख नशिबाचा दिसत नाही, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर प्रशिक्षक गजेंद्र सिंग यांच्या हाताखाली केलेल्या कामाचा दिसतो. २०२५ मध्ये जागतिक स्पर्धा दिल्लीतच झाली, तिथे तिने १०० मीटरचं रौप्य आणि २०० मीटरचं कांस्य घेतलं. तिच्या आधीचा नारायण ठाकूर बघा. दिल्लीतला मुलगा, शरीराच्या एका बाजूवर परिणाम, बस धुण्याची नि टपरीवरची कामं करून पोट भरलेला. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने पुरुषांच्या टी-३५ शंभर मीटरमध्ये १४.०२ सेकंदांचं सुवर्ण जिंकलं. पाच वर्षांनी हांगझोऊला त्याच शर्यतीत त्याला कांस्य मिळालं. सोप्या पदकांच्या दुनियेत सुवर्णवाला खाली येत नसतो.

मराठवाड्यातलं उदाहरण हवं असेल तर नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव यांचं घ्या. त्या धावत नाहीत, बसून गोळा फेकतात. वर्ग एफ-३४, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच कुटुंबातला. हांगझोऊला त्यांनी रौप्य जिंकलं. पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर भारताचा झेंडा त्यांच्या हाती होता. आणि पॅरिसच्या स्पर्धेत त्या पाचव्या आल्या. झेंडा घेऊन गेलेल्या, आशियात दुसऱ्या आलेल्या बाईला पाचवा क्रमांक मिळतो, यावरून तिथली चुरस कळायला हरकत नाही. त्या परतल्या तेव्हा पाचव्या क्रमांकाबद्दल, किती सेंटिमीटर कमी पडले याबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत कितीशी चर्चा झाली? क्रिकेटपटू नव्वदीत बाद झाला तर चहावाल्यालाही त्याचा पाय कुठे पडायला हवा होता ते सांगता येतं. पॅरा-खेळाडूची चूक काढायलाही आपण संकोचतो, आणि त्या संकोचालाच आदर समजतो. तिची सुरुवात चुकली, शेवटच्या वीस मीटरमध्ये खांदे ताठले, असं ज्या दिवशी आपण बोलू लागू त्या दिवशी तिला खेळाडू मानलं असं मी म्हणेन. डोळे टिपणाऱ्यांशी माझं भांडण आहे म्हणतो ते यासाठी.

आता लोहारा. इथे अपंगत्वाची एक फार ठळक आठवण आहे आणि ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाची आहे. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सास्तूर, आज लोहारा तालुक्यात आहे ते, मातीच्या जाड भिंतींसकट खाली बसलं. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत ढिगाऱ्यांतून जी माणसं जिवंत निघाली त्यांतली कितीतरी पाय, कणा, हात गमावून निघाली. त्यामुळे या भागाच्या मनात अपंगत्व म्हणजे एका रात्रीत कोसळलेली गोष्ट, आणि त्यावरचा इलाज म्हणजे मदत: घर, अनुदान, कुबड्या, तीनचाकी. त्या मदतीने माणसं उभी राहिली, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण सेरेब्रल पाल्सीचं पोरगं कोणत्याही ढिगाऱ्यातून आलेलं नसतं. त्याच्यासाठी पाहुणे येत नाहीत, पथकं येत नाहीत. आईला एवढंच आठवत असतं, की जन्मल्यावर ते उशिरा रडलं, मान उशिरा धरली, दीड वर्षाचं झालं तरी बसेना. मग नवस, मग लातूर किंवा सोलापूरचा दवाखाना, मग कॅलिपर, आणि मग 'आहे त्यात समाधान'. याला एकदाची मदत लागू पडत नाही. त्याला पंधरा-वीस वर्षं सलग काम लागतं, आणि सलग काम करायची सवय आपल्या यंत्रणेला नाही.

प्रीतीचीही सुरुवात अशीच. मुझफ्फरनगर जिल्ह्यातलं शेतकरी कुटुंब. जन्मानंतर सहाव्या दिवशी कमरेखाली प्लास्टर. पाचव्या वर्षापासून कॅलिपर, तेही आठ वर्षं. इथवरची गोष्ट लोहारा तालुक्यातल्या कोणत्याही गावात जशीच्या तशी सापडेल. फरक पुढे पडतो. सतराव्या वर्षी तिने मोबाइलवर पॅरालिम्पिकच्या चित्रफिती पाहिल्या. मीरतमध्ये तिला फातिमा खातून ही पॅरा-खेळाडू भेटली आणि तिने स्पर्धांचा रस्ता दाखवला. त्या मुलीच्या जवळपास स्टेडियम होतं आणि त्या स्टेडियमवर आधीच पळणारी, फेकणारी तिच्यासारखी माणसं होती. लोहाऱ्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीकडे मोबाइल आहे. चित्रफिती तिलाही दिसतात. नंतर ती कुणाकडे जाईल?

कुणी म्हणेल, आमच्या जिल्ह्यात खेळाचं वातावरणच नाही. हे खोटं आहे. खो-खोची आपली परंपरा मोठी आहे. धाराशिवची सारिका काळे भारतीय संघाची कर्णधार झाली, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्या मागे रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी मैदानावर येणारे मार्गदर्शक होते, क्लब होता, एकमेकींना दमवणाऱ्या मुली होत्या. पैशांपेक्षा या नियमितपणाने ती घडली. म्हणजे जिल्ह्याला खेळाडू कसा घडवायचा हे येतं. फक्त ते सीपीच्या पोराला लावावं असं कुणाच्या मनात येत नाही. पीटीच्या तासाला त्याला दप्तरांपाशी बसवतात. सर म्हणतात, "तू पडशील रे." घरचे म्हणतात, "कशाला त्रास देता?" सगळे त्याच्या भल्याचंच बोलतात, आणि दहावीपर्यंत ते पोरगं दप्तरंच राखतं.

या काळजीला वैद्यकीय आधार आहे असंही अनेकांना वाटतं. "जोर लावू नका, पाय आणखी आखडतील," हा सल्ला पालक वर्षानुवर्षं ऐकत आलेत. एके काळी डॉक्टरही असंच मानत. ताकदीचे व्यायाम केले तर ताठरपणा वाढेल अशी भीती होती. १९९० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांनी ही भीती निराधार ठरवली. नीट आखलेल्या ताकदीच्या व्यायामाने सीपी असलेल्यांचे स्नायू बळकट होतात आणि त्यापायी ताठरपणा वाढत नाही. त्यामुळे "आधी उपचार, मग खेळ" ही विभागणीच चुकीची आहे. शाळकरी वयातल्या सीपीच्या मुलासाठी ताणाचे व्यायाम, बैठका, चढण चढणं, छोट्या धावा हा उपचारच आहे. वाईट गोष्ट बसून राहण्यात आहे: उंची वाढते, हाड लांबतं, ताठ स्नायू त्या गतीने लांबत नाही, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी जे पोरगं थोडंफार चालत होतं त्याचंही चालणं बिघडतं.

पैसे नाहीत म्हणाल तर कागद उघडू. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ३० खेळातल्या सहभागाबद्दलच आहे. ते उपाययोजनेची जबाबदारी सरकारवर टाकतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. हा निधी मार्च जवळ आला की वाटून मोकळं व्हायची रीत मला ठिकठिकाणी दिसते. लहान गावचा निधी थोडकाच असतो, मान्य. पण पाच-दहा गावांनी तो एकत्र करून आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या मैदानावर आणायचा म्हटलं तर कोणता नियम आडवा येतो, ते मला अधिकाऱ्यांनी सांगावं. राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे, जिल्ह्याला क्रीडा अधिकारी आहेत. दोन्ही कचेऱ्यांमध्ये पोराचा कागद फिरतो तो बहुतेक एसटीच्या पासासाठी, संजय गांधी निराधार योजनेसाठी, यूडीआयडी कार्डासाठी. ते सगळं हवंच. त्याच दिवशी त्याच टेबलावर, "पोरगं पळतं का? वेळ किती?" एवढं विचारायला वेगळी मंजुरी लागत नाही.

सिंथेटिक ट्रॅकचं रडगाणं मी इथे गाणार नाही. बालेवाडीसारखा ट्रॅक प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही आणि पहिल्या दोन वर्षांत त्याची गरजही नसते. चुन्याने आखलेली सरळ साठ मीटर जागा, दगड-ढेकळं काढलेली, पुरे होते. हवा असतो तो शिक्षक, जो दर पंधरवड्याला त्या मुलाची वेळ घेऊन वहीत लिहील आणि वेळ वाढली तर चिडेल. आणि हवी असते जिल्हा पातळीची खरी शर्यत, जिथे दोन ताठ पायांची मुलगी एका हाताच्या मुलाबरोबर पळवली जात नाही, जिथे पहिल्या येणाऱ्याला पहिलं आणि शेवटच्याला शेवटचं म्हणतात. जागतिक दिव्यांग दिनाला ३ डिसेंबरच्या आसपास ज्या स्पर्धा होतात त्यांत सगळ्यांना एकसारखा डबा किंवा दप्तर देऊन पाठवायची पद्धत आहे. हेतू चांगला. पण त्या मुलांना त्यावरून पक्कं कळतं, की इथे पळालं काय, न पळालं काय, हिशेब एकच.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत सभ्य आहे आणि मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच येतो. "कशाला खोटी आशा लावता? हजारात एखादी प्रीती होते." बरोबर, होते हजारात एखादी. आता पहाटे पाचला लोहाऱ्याबाहेरच्या कोणत्याही रस्त्यावर जाऊन उभे राहा. पोलीस भरतीची पोरं पळत असतात. मुलं सोळाशे मीटरची तयारी करतात, मुली आठशेची, आणि शंभर मीटर दोघांनाही असतं. जागा मोजक्या, अर्ज लाखांनी. त्यातल्या बहुतेकांची भरती होणार नाही हे त्यांच्या बापाला माहीत असतं, दूधवाल्याला माहीत असतं, त्यांना स्वतःलाही माहीत असतं. तरी बाप बूट घेऊन देतो, आई पहाटे उठून चहा ठेवते, अकादमीवाला फी घेतो, गावात कोणी त्याला खोटी आशा म्हणत नाही. उलट जो पळत नाही त्याला विचारतात, "का रे, झोपून राहिलास?" सीपीच्या पोराला हा प्रश्न अजून एकदाही कोणी विचारलेला नाही.